आडवी

आमच्या दाराच्या मागे तीन वस्तू उभ्या असतात. छत्री, केरसुणी आणि बासरी. पहिल्या दोघींचं तिथे बरं चाललेलं असतं. छत्री आठ महिने झोपा काढते, केरसुणी दिवसातून दोनदा कामावर जाऊन येते, आणि उरलेला वेळ दोघी भिंतीला टेकून शेजारणींसारख्या गप्प उभ्या राहतात. बासरी मात्र पहिल्या पंगतीत पान न मांडलेल्या विहिणीसारखी उभी असते. चेहऱ्यावर काही दाखवत नाही. पण आपल्याला इथे असं उभं का केलंय, हे तिला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही आणि तीही ते विसरलेली नाही.

तसं केरसुणीही उभी ठेवू नये, म्हणतात. लक्ष्मी ती, तिला आडवी निजवावी. हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं त्याच्या घराला पडवी असणार. कुर्ल्यात एखादी गोष्ट आडवी ठेवायची म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी उठवावं लागतं. आम्ही कुर्ल्याची माणसं उभ्यानेच वाढतो. पाण्याच्या रांगेत उभं, रेशनच्या रांगेत उभं, गाडीत तर असं उभं की पडायचीसुद्धा सोय नाही. आमचे पाहुणेदेखील उभ्याउभ्या येतात आणि उभ्याउभ्या जातात. बसले तर चहा करणाऱ्या बाईला वळायला जागा राहत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. आणि मराठी भाषेनेही या आडवेपणाचा मान कधी फारसा ठेवलेला नाही. मांजर आडवं गेलं की काम नासतं, माणूस आडवा आला की वैर धरतो, बोलणं आडवळणाचं झालं की संशय येतो, आणि कुणाचंच न ऐकणारा तो आडमुठा. रविवारी जेवण झाल्यावर बाबा ‘जरा आडवा होतो’ म्हणायचे, तेही चोरी कबूल केल्याच्या सुरात. अशा गावात, दहा बाय बाराच्या खोलीत, मी असं वाद्य घेऊन आलो की ज्याची एकच अट होती: मला आडवी धर.

अटीची कल्पना आधी आली असती तर मी पावा घेतला असता. पावा, अलगूज ही समंजस मंडळी. तोंडातून निघून छातीवरून सरळ खाली उतरतात, माणसाच्या रेषेत राहतात, गर्दीतही वाजवावीत. गुराख्यांना रानात एवढी मोकळी जागा, तरी त्यांनी हातात उभा पावा धरला. आणि मी कुर्ल्यात राहून आडवी बासरी निवडली. जागेचा हिशेब न येणारी माणसंच बहुधा संगीताकडे वळत असावीत.

सुरुवात झाली ती स्टेशनबाहेरच्या बासरीवाल्यापासून. पश्चिमेला पुलाचा जिना उतरला की खांद्यावर एक उंच काठी घेतलेला माणूस दिसायचा. काठीच्या शेंड्याला गवताचा गठ्ठा घट्ट बांधलेला आणि त्यात चहूबाजूंनी बासऱ्या खोचलेल्या, जणू साळिंदराला कुणी शिकवून सवरून शहरात पाठवलंय. तो त्या गर्दीतून एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने सूर सांभाळत चालायचा. मासळीवाल्या, रिक्षावाले, हार्बरची गाडी पकडायला धावणारे, या सगळ्यांच्या डोक्यावरून त्याची धून कोरड्या पायांनी निघून जायची. हे बासरीवाले बरेचसे उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतकडून माल आणतात, हे मला फार पुढे कळलं. पिलीभीतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बासऱ्या बनतात. सरकारच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेतही त्या जिल्ह्याच्या नावापुढे बासरीच लिहिलेली आहे. गंमत अशी की तिथे लागणारा बांबू तिथला नाही, तो येतो आसामातून. म्हणजे बांबू पूर्वेचा, भोकं उत्तरेची आणि फुंकणारा पश्चिमेचा. दक्षिणेकडचं फक्त गिऱ्हाईक यायचं राहिलं होतं, तर आमच्या वर्गातल्या एका अण्णाच्या मुलानेही एक घेतली.

बासरीवाल्याच्या ओठांवर जी बासरी पाखरासारखी बोलत होती ती घरी आल्यावर मुकी झाली. मी फुंकत होतो आणि तिच्यातून भाताच्या कुकरची शिटी होण्याआधी जो एक चुकार आवाज येतो तेवढाच येत होता. आजी चुलीपुढचं आयुष्य संगमेश्वराकडे सोडून मुंबईला आली होती. तिने बासरी हातात घेतली, या टोकातून त्या टोकाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मेल्या, चांगल्या फुंकणीला भोकं कशाला पाडलीस?’ बाबा मोटारीच्या कारखान्यात होते. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये रोज फियाट गाड्या तयार करायचे आणि संध्याकाळी सायकलवरून घरी यायचे. त्यांनी कामगाराच्या नजरेने बासरी तपासली, एकेका भोकावर बोट ठेवलं आणि निदान केलं, ‘सहा ठिकाणी लीक आहे. वाजेल कशी?’ आता विचार करताना वाटतं, बासरीच्या शास्त्राचं याहून थोडक्यात वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. गळती कुठे ठेवायची आणि कुठे बुजवायची, एवढंच तर शिकायचं असतं. पण तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मी तक्रार घेऊन बासरीवाल्याकडे गेलो. त्याने काठी भिंतीला टेकवली, माझी हनुवटी दोन बोटांत धरून थोडी वर केली आणि बासरी ओठावरून जराशी खाली सरकवली. ‘होंठ पे नहीं बेटा, होंठ के नीचे.’ पहिला सूर निघाला तो तिथे, स्टेशनच्या जिन्याखाली. त्याचे त्याने पैसे घेतले नाहीत.

खरं तर आमच्या घरात वाऱ्यावर जगण्याची परंपरा जुनीच होती. आजोबा स्वदेशी मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी 1886 साली कुर्ल्यातली धरमसी मिल विकत घेऊन तिची स्वदेशी केली, तेव्हापासून त्या गिरणीच्या भोंग्याने निम्मं कुर्ला उठवलं, जेवायला घातलं आणि झोपवलं. आजोबांकडे घड्याळ नव्हतं, भोंगा होता. गिरणी बंद पडल्यावरही ते त्या त्या वेळेला मान वर करायचे. आणि रेल्वेचं म्हणाल, तर देशातली पहिली विजेची गाडी धावली ती आमच्याकडेच, 3 फेब्रुवारी 1925 रोजी, बोरीबंदर ते कुर्ला, हार्बर मार्गाने. कुर्लेकर या गोष्टीचा अभिमान बाळगतात, मीही बाळगतो. पण बासरी शिकायला लागल्यावर त्या अभिमानात एक बारीक काटा रुतला. वाफेच्या इंजिनाची शिट्टी म्हणजे बासरीची थोरली बहीण. वाफेचा झोत एका धारेवर आपटतो, पोकळीतली हवा थरथरते आणि सूर निघतो. बासरीत वाफेऐवजी माणसाची फुंकर, एवढाच फरक. विजेच्या गाडीला हॉर्न आला. तो पडदा थरथरवून ओरडतो, त्याचं घराणं वेगळं. म्हणजे ज्या दिवशी कुर्ल्याने देशाला विजेवर पुढे नेलं, त्याच दिवशी आपल्या हार्बरवरच्या एका प्रचंड पाव्याला निरोपाचा नारळ द्यायला सुरुवात केली. त्या समारंभात कुणाच्या हे लक्षात आलं असेल असं वाटत नाही. आलं असतं तरी हार घालायला इंजिनाचा गळा सापडला नसता.

नोकरी लागल्यावर मी घाटकोपरच्या मास्तरांकडे रीतसर शिकायला जाऊ लागलो आणि मोठी बासरी काय असते ते तिथे कळलं. स्टेशनवरची बासरी वीतभर-दीड वीत. तिच्यात मेळ्यातली गाणी मावतात, पण आलाप मावत नाही. ख्यालाला खोली लागते, खर्ज लागतो, आणि सूर खाली न्यायचा तर नळी लांब करावी लागते. ही लांबी बासरीला दिली पन्नालाल घोषांनी. बारिसालचे हे बंगाली गृहस्थ 1911 साली जन्मले, 1940 मध्ये मुंबईला आले, सिनेमाला संगीत दिलं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजच्या ‘बसंत’ला त्यांचं संगीत आहे. निरनिराळ्या वस्तूंच्या नळ्या त्यांनी वापरून पाहिल्या आणि शेवटी बांबूकडेच परतले. पण तो सुमारे 32 इंचांचा. सहा भोकांच्या पुढे त्यांनी सातवं भोक पाडलं, करंगळीच्या कक्षेतलं, तीव्र मध्यमासाठी. 1960 मध्ये ते गेले तेव्हा एकोणपन्नास वर्षांचेही झाले नव्हते. एवढ्या अवधीत गुराख्याच्या खांद्यावरची एक काडी त्यांनी मैफलीत सतारीच्या शेजारी नेऊन बसवली. मास्तर त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे, आणि लगेच पुटपुटायचे, ‘बोटं मात्र फाकवून ठेवली माणसाने.’

कारण लांबी वाढली की भोकांतलं अंतर वाढतं. माझी बासरी पांढरी तीनची, अडीच फूट. पहिल्या दिवशी तिच्यावर बोटं ठेवली तेव्हा आपल्याला दोन्ही हात मिळून एक बोट कमी दिलंय अशी खात्री झाली. बोटांचे शेंडे पोचेचनात. मास्तर म्हणाले, ‘शेंडे नकोत. पेरं टेकव.’ तोवर मी पेर हा शब्द उसाच्या आणि बोटाच्या संदर्भात शेकडो वेळा वापरला असेन, पण तो दोन्हीकडे एकच का आहे, हे त्या क्षणी हातालाच समजलं. बासरीचा बांबू म्हणजे दोन गाठींमधलं एक अखंड पेर; इतकं लांब, सरळ आणि पातळ सालीचं पेर आसामकडच्या बांबूला येतं म्हणून तर त्याला मागणी. त्याला गिरमिट लावलं तर तो चिरतो, म्हणून लोखंडी सळई लाल करून एकेक भोक जाळून पाडायचं. त्या भाजलेल्या कडांवर आपण आपल्या बोटाचं पेर ठेवायचं. पेरावर पेर. दोन्हीकडच्या गाठी बाजूला ठेवून मधल्या सरळ भागांनी एकमेकांशी बोलायचं. आमच्या नात्यागोत्यात ही कला कुणाला साधली असती तर माझ्या दोन आत्या वीस वर्षं अबोल्यात राहिल्या नसत्या. बांबू आसामातून मुंबईला कसा येतो ते मी कधी विचारलं नाही. गुवाहाटीकडून येणारी गाडी कुर्ल्याच्या टर्मिनसवरच थांबते, तेवढ्यावर मी समजूत करून घेतली की बांबू आमच्याकडे माहेरपणाला उतरतो.

मोठी बासरी घरी आली तेव्हा आजी खूप थकली होती. तिने पडल्यापडल्या तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘ही दोन चुलींची काय?’

आता खोलीचं सांगतो. बैलबाजाराकडची बैठी चाळ. खोलीत आजीची खाट, आईचं शिवणयंत्र, देव्हारा, पडदा लावलेली मोरी आणि एक लोखंडी कपाट. या सगळ्यांनी आपापली जागा घेतल्यावर खाट आणि कपाट यांच्यामध्ये दीड फुटाची जमीन उरायची, ती माझी. बासरी उजवीकडे जाते. ओठांपाशी पाच-सहा बोटं आणि पलीकडे दोन फूट. मी मांडी घालून बसायचो, डोळे मिटायचो, भूपाचा पहिला षड्ज मनात जुळवायचो, बासरी ओठाशी न्यायचो, आणि तिचं शेपूट कपाटावर आपटायचं. टण्ण. माझ्या रियाजातला पहिला सूर वर्षभर हाच होता. तोंड फिरवून बसावं तर नाक मोरीच्या पडद्याला लागायचं, आणि पडद्याआड कुणी ना कुणी असायचंच. कपाट हलवायचं म्हटलं तर बाबांच्या मते ते हलवल्यास भिंत येईल. मान तिरपी करून, बासरी खाली झुकवून, खांदा आत घेऊन मी पाहिलं. मास्तरांनी माझी ती मुद्रा पाहून विचारलं, ‘मानेला काय झालंय?’ मी म्हटलं, ‘कपाट.’

शेवटी एके दिवशी मी बासरी डावीकडे धरली. हे सांगायला एक ओळ पुरते. करायला दीड वर्ष गेलं. वरचा हात खाली, खालचा वर; ज्या बोटांना कोमल गंधार अर्ध्या भोकात पकडायची सवय झालेली, ती गावाकडून आलेल्या पाहुण्यासारखी ‘मोरी कुठे, मोरी कुठे’ विचारत फिरू लागली. ओठांचा कोन उलटला. डोकं दुखायचं. असं सांगतात, की हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले तेव्हा तोवरचं सगळं शिकलेलं विसरून नव्याने सुरू करण्याची तयारी दाखवायला त्यांनी उजवीकडची बासरी डावीकडे घेतली. अलाहाबादच्या पैलवानाचा मुलगा, कटकच्या आकाशवाणीवर नोकरी केलेला, मुंबईत स्टुडिओ गाजवत असलेला. आणि समोर सूरबहार वाजवणाऱ्या गुरू, ज्या कधी बासरी वाजवत नव्हत्या, गाऊन शिकवत होत्या. त्या खोलीत काय घडलं असेल याची कल्पना करताना माझ्या अंगावर काटा येतो. मी हात बदलल्याचं मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांचेही डोळे क्षणभर चमकले. ‘कुणासाठी?’ त्यांनी हळूच विचारलं. पुन्हा कपाटाचं नाव काढताना मला मान वर करवेना.

डावीकडे खिडकी होती. उभे गज, बाहेर बोळ. बासरीचं शेपूट दोन गजांमधून हातभर बाहेर जायचं आणि मी आत बसून वाजवायचो. अर्धा मी घरात, अर्धं वाद्य चाळीत. व्यवस्था उत्तम होती. पलीकडच्या काकूंनी एकदा त्यावर ओलं फडकं वाळत घातलं, पण ते त्यांच्या नजरचुकीने; त्यांनी आधी ‘वाजवतोयस का रे?’ असं विचारलंही होतं. खरी अडचण वेगळीच निघाली. सगळे सूर नीट लागायचे, फक्त खालचा पंचम अधूनमधून गुदमरायचा. मंद्र पंचम म्हणजे बासरीवरची सगळी बोटं मिटून घ्यायची आणि फुंकर अगदी मऊ करायची. जरा जोर झाला की तो वरच्या सप्तकात उडी मारतो. संध्याकाळचा सगळ्यात गंभीर सूर तो. मी एकेक बोट मिटत खाली उतरत यायचो, षड्ज, निषाद, धैवत, आणि पंचमाशी पोचलो की दाराशी येऊन पाहुणा परत गेल्यासारखं व्हायचं. दमसास कमी पडतोय म्हणून मी पहाटे पळायला लागलो. बोट नीट बसत नाही म्हणून त्याला तेल चोळलं. बासरीला कुठे केसासारखी चीर गेली असेल म्हणून ती पाण्याच्या पिंपात बुडवून सायकलच्या ट्यूबसारखी तपासली. ही बाबांची सूचना. मास्तरांकडे पंचम खणखणीत लागायचा, घरी नाही. मास्तर म्हणाले, ‘घरात काही टेन्शन?’

एक दिवस पंचमाशी येताना मी डोळे उघडले. गजाबाहेर, खिडकीच्या अगदी खाली, एक छोटा तळहात अलगद वर आला, बासरीच्या टोकावर झाकणासारखा बसला, आणि पंचम मेला. शेजारच्या वहिनींचा धाकटा. वय वर्षं सात. बाकीच्या सुरांना तो का हात लावत नव्हता, तर लावून काही उपयोग नाही हे त्याला प्रयोगाने कळलं होतं: वरची भोकं उघडी असली की हवा तिथूनच निसटते, टोक झाकून काही फरक पडत नाही. सगळी भोकं मिटली की हवेला बाहेर पडायला ते एक तोंड उरतं. दोन महिने तो रोज संध्याकाळी त्या बोळात उकिडवा बसून मी खाली उतरायची वाट बघत असे. माझ्याहून लक्षपूर्वक माझा रियाज ऐकणारा आयुष्यात दुसरा कुणी भेटलेला नाही. मी ओरडणार होतो. त्याने आधीच विचारलं, ‘काका, आत हवा कुठे जाते?’

बासरी घेऊन प्रवास करायचा तर ती पुन्हा उभी. मास्तरांच्या सगळ्याच शिष्यांची बासरी नळकामाच्या पांढऱ्या पाइपात असायची. दोन्ही टोकांना झाकण, वर पट्टा. वाद्याला याहून भक्कम घर नाही. फक्त ते खांद्यावर टाकून कुर्ला-घाटकोपर एवढा दोन स्टेशनांचा प्रवास करताना मला तीन वर्षांत चार जणांनी मोरी तुंबल्याचं सांगितलं आणि एकाने पत्ता लिहून दिला. विद्याविहारला उतरणारे एक गृहस्थ तर रोज भेटायचे, रोज विचारायचे, ‘आज कुणाकडे?’ मी ‘घाटकोपर’ म्हणायचो. ‘बरं चाललंय तुमचं,’ म्हणायचे. त्या गर्दीत छातीशी पाइप कवटाळून उभा असताना माझ्या मनात नेहमी एक विचार यायचा. गोकुळातल्या कृष्णाकडे बासरी होती, कारण त्याच्याकडे यमुनेचा अख्खा काठ होता. पाय दुमडून, कंबर वाकवून, कोपर पसरून तो हवा तसा उभा राहू शकत होता. तोच पंढरपूरला आला, भक्तांची गर्दी पाहिली, आणि निमूट दोन्ही हात कमरेवर ठेवून विटेवर सरळ उभा राहिला. बासरी कुठे ठेवली कुणी विचारत नाही. माझी समजूत अशी, की रखुमाईच्या दारामागे असेल. अर्थात कुर्ल्याच्या सात नंबरच्या फलाटावर हात कमरेवर ठेवायचीही सोय नाही. कोपर लागलं म्हणून भांडण होतं.

26 जुलै 2005. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि मिठी आपल्या काठांना न विचारता बैलबाजारात शिरली. मी ऑफिसात अडकलो होतो. आई-बाबा शेजाऱ्यांबरोबर मागच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर रात्रभर बसून राहिले. आजी तेव्हा नव्हती. ते एक बरं, असं बाबा पहिल्यांदा आणि शेवटचं म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी रुळांवरून चालत घरी पोचलो तेव्हा पाणी ओसरलं होतं. भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला चिखलाची रेघ, पट्टीने मारल्यासारखी सरळ. खाट मोरीत. देव जागेवर, देव्हारा नाही. विजेचा तानपुरा हातात घेतला तर त्यातून गाळ ओघळला. आणि ते लोखंडी कपाट, ज्याच्यासाठी मी हात बदलला, ज्याला हलवलं तर भिंत येणार होती, ते खोलीच्या मधोमध आडवं पडलं होतं. भिंत जागच्या जागी होती.

बासरी दाराआड नव्हती. लाकूड तरंगतं, बांबू तर तरंगतोच. त्यातून तिचं एक टोक बुचाने बंद. पाण्याने तिला उचललं असणार, रात्रभर खोलीत हवी तशी फिरवली असणार. अडीच फुटांच्या त्या बाईला या घरात पहिल्यांदाच ऐसपैस जागा मिळाली, तीही कुणी बघायला नसताना. मग पाणी ओसरताना खिडकीकडे ओढ लागली, आणि घरातली बाकीची हलकीसलकी वस्तू, चमचे, चपला, आईच्या दोऱ्याची रिळं, माझ्या वह्या, गजांतून सरळ बोळात, बोळातून गटारात आणि तिथून मिठीत गेली. बासरी गेली नाही. ती गजांवर आडवी अडकून राहिली होती. शेजारच्या धाकट्याने ती माझ्या आधी पाहिली होती, पण काढली नव्हती. ‘तुम्ही आल्यावर काढू म्हटलं,’ तो म्हणाला. तिच्या सहाही भोकांत चिखल भरलेला. बाबांनी सायकलची तार घेऊन एकेक भोक साफ केलं, आणि प्रत्येक भोक मोकळं झालं की ती उजेडाकडे धरून आत पाहायचे. लीक परत सुरू झालं, असं काहीतरी पुटपुटलेही. ती सावलीत वाळवली, बदामाचं तेल पाजलं. गणपतीत तिला एक बारीक तडा गेला, त्यावर आईने शिवणाचा काळा दोरा घट्ट गुंडाळून दिला. कपाट भंगारात गेलं. कुर्ल्यात राहून एवढी एक सोय आहे, भंगारवाला शोधावा लागत नाही. उजवी बाजू मोकळी झाली. पण हात आता परत बदलायचे म्हणजे दुसरा पूर लागला असता.

चाळही आता नाही. तिथे बावीस मजल्यांची इमारत झाली आहे आणि आम्ही सतराव्यावर राहतो. हॉल चौदा फुटांचा. राहायला आलो त्या संध्याकाळी मी बासरी दाराआडून काढली, हॉलच्या मधोमध बसलो, डावीकडे धरली, उजवीकडे धरली, बसल्याबसल्या वर्तुळात फिरून पाहिलं. कशालाच लागली नाही. त्या मोकळेपणात मला पहिला षड्जच सापडेना. पाच मिनिटं तसाच बसलो आणि मग उठून खिडकीशी गेलो, तिचं शेपूट गजांतून बाहेर काढलं, डोळे मिटले.

शेजारचा धाकटा आता मस्कतला नोकरी करतो. गणपतीत त्याचा फोन येतो. आईची चौकशी करतो, नव्या इमारतीत पाण्याचं कसं आहे विचारतो, आणि ठेवताना म्हणतो, ‘काका, वाजवता का अजून?’ मी म्हणतो, वाजवतो की. ‘खालचा पंचम लागतो?’

लागतो. खिडकीबाहेर सतरा मजल्यांची हवा आहे. रोज लागतो.